चोविशीचा पहिला वाडगा

हे कुनयाम माउली, जगाचा टाहो ऐकण्यासाठी जिने आपले कान कधी मिटले नाहीत, जिच्या एका हाती वाळुंजाची हिरवी डहाळी आणि दुसऱ्या हाती पाण्याची सुरई, तिच्या चरणी आधी माथा. बोलणाऱ्याची जीभ तू, ऐकणाऱ्याचा कान तू, आणि दोघांच्या मधला ओलावाही तूच. मोठ्याने मारलेली हाक सगळेच ऐकतात. पण संसाराच्या धबडग्यात, चुलीच्या धगीत, पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभी असलेली बाई जी हाक मारतच नाही, ती ऐकावी तूच. अशाच एका बाईची ही कथा. तुझ्या सुरईतला एक थेंब या शब्दांवर पडो, म्हणजे ते कोरडे राहणार नाहीत.

त्या बाईचे नाव साम युत-लिन. शुनतक गावात, वडाच्या घाटाला लागून जी चिंचोळी गल्ली कालव्याकडे उतरते, तिच्या तोंडाशीच त्यांचे काढ्याचे दुकान. ओट्यावर तांब्याचे तीन हंडे, भोपळ्यासारख्या कमरेचे, रोज घासून लखलखीत केलेले. पहिल्यात उसाचा आणि गवताच्या मुळांचा गोड काढा, दुसऱ्यात पाच फुलांचा, आणि तिसऱ्यात ती चोविशी: चोवीस पाने, मुळे, साली एकत्र उकळून केलेली, काळी, कडू, ओठाला लागताच भल्याभल्यांना पूर्वज आठवावेत अशी. आमच्याकडे कुणी तळलेले जास्त खाल्ले, कुणाचे तोंड आले, कुणाचे घरात वाजले, तर गल्लीचे निदान एकच: अंगात आग झाली. आणि उपायही एकच: लिनताईंचा ओटा.

लिनताई गिऱ्हाइकाला आधी जीभ काढायला लावीत. जिभेचा रंग बघायचा आणि हंडा ठरवायचा. फिकट जीभ, गोड काढा. गुलाबी जीभ, फुलांचा. लालबुंद जीभ, चोविशी. शाळकरी पोरीपासून मंदिराच्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांनी त्या ओट्यासमोर जीभ काढली आहे, आणि त्याची लाज कुणाला वाटलेली नाही.

दुकान सासूबाईंकडून आले, आणि हंड्यांसोबत एक नेमही आला. चोविशीचा पहिला वाडगा करणारीने स्वतः प्यायचा, अखेरच्या थेंबापर्यंत, आणि मगच गल्लीसाठी झाकण काढायचे. जे आपल्या पोटात गेले नाही, ते दुसऱ्याच्या ओठाला लावायचे नाही. सव्वीस वर्षे हा नेम चालला. त्या नेमाचा कळस म्हणजे चांद्र पंचांगातल्या सहाव्या महिन्याची एकोणिसावी तिथी, कुनयाम माउलीचा दिवस. त्या दिवशी चोविशीचा हंडा खांद्यावरून मंदिराच्या अंगणात जातो, लिनताई देवीसमोर पहिला वाडगा पितात, दुसरा देवीपुढे ठेवतात, आणि मग सारी गल्ली, सारे पाहुणे, जो येईल तो फुकट पितो.

अशा बाईला एक्कावन्नाव्या वर्षी पाळी थांबल्यावर गरम वाफा सुरू झाल्या. नव्या वर्षाचे फटाके विझतात न विझतात तोच छातीतून एक लाट उठायची, गळ्याला वेढा घालायची, कान लाल करून डोक्यावाटे निघून जायची, आणि मागे ठेवायची घाम आणि गार पडलेली पावले. दिवसातून दहा वेळा, पंधरा वेळा. चुलीपाशी उभ्या राहणाऱ्या बाईला कित्येक दिवस कळलेच नाही, ही धग चुलीची की आपली. झोप तुटली, आणि झोपेपाठोपाठ धीरही. भाजलेल्या हंसांचे दुकान चालवणारा शेजारी फान एकदा वाडगा जरा आपटून ठेवून गेला, तर लिनताईंनी त्याला त्याच्या आजोबांपासून सुरुवात करून झाडला.

मग त्यांनी भिंतीवरच्या गोल आरशात स्वतःची जीभ पाहिली. लालबुंद. म्हणजे आग. आणि आगीवर उपाय त्यांच्याइतका कुणाला ठाऊक? पहिला वाडगा नेमाचा होताच. त्यावर दुपारी एक, तिसऱ्या प्रहरी एक. वाफा थांबेनात तेव्हा आणखी एक. पोट बिघडले, पावले बर्फ झाली, तोंड मात्र पेटलेलेच. तिसऱ्या महिन्यापर्यंत आणखी एक अनर्थ घडला: जीभ मुकी झाली. कडू कळेना. काढा पाणचट लागतो म्हणून त्या रोज एक मूठ पाला वाढवू लागल्या.

"ताई," एके सकाळी फान म्हणाला, "माझ्या हातून काही गुन्हा झालाय का?"

"का रे?"

"नाही, हा काढा आहे की शिक्षा, तेवढं सांगा. म्हणजे तसं तोंड करून पितो."

"चोविशी कडूच असते. जन्मभर हंसाची चरबी चाटलीस, जीभ बिघडली तुझी."

"माझी बिघडली असेल. पण गेल्या महिन्यात माझ्यामागं अकरा जण उभे असायचे. अकरांच्या जिभा एकदम बिघडल्या म्हणता?"

लिनताईंनी रांगेकडे पाहिले. रांग नव्हतीच.

त्यांचे यजमान ताम वाय-चिउ, गावाबाहेर मासे पाळायची तळी सांभाळणारा, कमी बोलणारा, मऊ मनाचा माणूस. दुपारी पेज खाता खाता तो म्हणाला, "लिन, या वर्षी एकोणिसावीला पाकिटातला काढा आणू या का? गरम पाणी ओतलं की झालं."

"देवीपुढं पाकीट?"

"देवीसाठी नाही गं. तुझ्यासाठी. तुला एवढं उभं राहायला नको."

"सव्वीस वर्षं उभी आहे मी."

"म्हणूनच म्हणतोय."

लिनताईंनी पेजेचा वाडगा दूर सारला. बोलणे मायेचे होते, हे त्यांनाही कळत होते. पण माया कधी कधी नेमकी दुखऱ्या जागी बोट ठेवते. हंड्यात काय उकळते आहे हे जिच्या जिभेला सांगता येत नाही, तिने माउलीसमोर कोणत्या तोंडाने पहिला वाडगा उचलायचा? तीन महिने उरले होते. तेवढ्यात जीभ परत आली नाही तर हंडा मंदिरात जाणार नव्हता. आणि एकदा न गेलेला हंडा पुन्हा जाईल, याची खात्री त्यांना वाटेना.

दोन पूल ओलांडले की आऊ वैद्यबाईंचा दवाखाना लागतो. आऊ हे त्यांचे आडनाव. मराठी कानाला त्यात आई ऐकू येते, आणि ते खोटे नाही. वय बाहत्तर, बोटे अजून तरुण. सुया टोचणे, नाडी पाहणे, औषधी बांधून देणे यात त्यांचा हात धरणारे पंचक्रोशीत कुणी नाही. पण या दोन बायकांचे वीस वर्षांचे वाग्युद्ध गल्लीला पाठ होते. कडू पिऊन पिऊन पोट गारठलेले लोक अखेर आऊबाईंकडे जात, आणि बाजारात गाठ पडली की आऊबाई म्हणत, "लिन, तुझ्या हंड्याची पूजा करते हो मी रोज. माझा दवाखाना त्याच्यावर चालतो." त्यावर लिनताई म्हणत, "आणि तुमच्या सुयांना भिऊन माझा ओटा भरतो, आऊबाई. तुम्हीही दीर्घायुषी व्हा."

अशा बाईच्या दारात जायचे. लिनताईंनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी दुपारी छत्री उघडून, तोंड झाकून, मागच्या बाजूने त्या निघाल्या. हंस टांगता टांगता फानने विचारले, "ताई, पाऊस नाही, ऊन नाही. छत्री कुणापासून?"

"तुझ्यापासून," असे म्हणून त्या पूल चढल्या.

आऊबाईंनी आश्चर्य दाखवले नाही, आणि हा त्यांचा मोठेपणा. उशी पुढे केली, मनगट तिच्यावर ठेवायला सांगितले, तीन बोटे टेकवून डोळे मिटले. आधी एक हात, मग दुसरा. मग म्हणाल्या, "जीभ."

ज्या बाईने साऱ्या गावाच्या जिभा पाहिल्या, तिने आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्यापुढे जीभ काढली.

आऊबाईंनी हातातला आरसा तिच्यासमोर धरला. "हे गिऱ्हाईक तुझ्या ओट्यापाशी आलं. काय देशील?"

"चोविशी."

"का?"

"लाल आहे. आग आहे."

"रंग पाहिलास. साय पाहिलीस का?"

लिनताईंनी पुन्हा पाहिले. निरोगी जिभेवर पातळ पांढरी साय असते. इथे कणभर नव्हती. सोललेल्या फळासारखी उघडी जीभ, आणि मधोमध भेगा. हिवाळ्यात मासे काढून घेतल्यावर चिउच्या तळ्याचा तळ उन्हात असाच तडकतो.

"लिन, हंड्यातलं पाणी आटलं आणि खाली जाळ तेवढाच राहिला, तर काय होतं?"

"बूड करपतं."

"मग जाळावर पाणी ओततेस?"

"नाही. हंड्यात पाणी घालते."

"आणि स्वतःला काय घातलंस तीन महिने?"

लिनताईंनी आरसा बाजूला सारला. मग हळूच म्हणाल्या, "जाळावर ओतलं."

"आग भरलेली असते तशी पोकळही असते, बाई. सात-सात वर्षांच्या सात पायऱ्या चढली की बाईच्या अंगातलं पाणी उतरतं. जाळ वाढलेला नसतो, पाणी कमी झालेलं असतं. हे तुझ्या सासूबाईंना ठाऊक होतं. पन्नाशीच्या बायकांना चोविशी द्यायच्याच नाहीत त्या."

"मला नाही सांगितलं."

"तू पंचवीस वर्षांची होतीस. तुला काय सांगायचं होतं?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्या अंधारात बसून लिनताई थोडे रडल्या, थोडे हसल्या. आऊबाईंनी दोन अटी घातल्या. पहिली, आधी मोठ्या इस्पितळात जाऊन रक्त, रक्तदाब, गळ्याची ग्रंथी, सगळे तपासून यायचे आणि तिथल्या बायकांच्या डॉक्टरणीचे ऐकायचे. "माझी सुई सगळं करते असं सांगणाऱ्याकडे जाऊ नकोस, मी जरी सांगितलं तरी." दुसरी, सांगेपर्यंत चोविशीचा थेंब घ्यायचा नाही.

पहिली अट सोपी होती. इस्पितळात दुसरे काही निघाले नाही. तिथल्या डॉक्टरणीने गोळ्यांचाही एक मार्ग सांगितला, आणि आधी सुया करून बघा, जमले नाही तर या, असे म्हणून धीर दिला. पण दुसऱ्या अटीने लिनताईंची झोपच उडाली असती, जर ती आधीच उडालेली नसती. पहिला वाडगा कोण पिणार?

"मी पितो," चिउ म्हणाला.

आता हे समजून घ्यायला हवे, सज्जनहो, की चिउदादांनी सव्वीस वर्षांत चोविशीचा थेंब ओठाला लावला नव्हता. काढेवालीचा नवरा, आणि बायको पाठमोरी झाली की उसाच्या हंड्यातून वाडगा भरून घ्यायचा. तेच चिउदादा दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यापाशी सरळ उभे राहिले, वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. त्यांच्या नाकावर पाच सुरकुत्या पडल्या आणि डोळ्यांतून पाणी आले.

"कसा आहे?" लिनताईंनी विचारले.

"तू हे रोज पितेस?"

"रोज."

"सव्वीस वर्षं?"

"हो."

त्यांनी रिकामा वाडगा ओट्यावर उपडा ठेवला. मग म्हणाले, "पाला कमी कर, लिन. याच्यात झाड आहे अख्खं."

त्या दिवसापासून पाल्याची मूठ चिउदादांच्या हाती आली, आणि त्यांचे नाक हे दुकानाचे माप झाले. पाच सुरकुत्यांच्या चार झाल्या, चारांच्या तीन. दोन सुरकुत्या पडल्या की काढा बरोबर, असे ठरले. फान रोज सकाळी येऊन आधी नाक बघायचा, मग वाडगा मागायचा. रांग परत येऊ लागली. काही जण तर केवळ चिउदादांचे तोंड बघायला येत, आणि आलेच आहेत तर पिऊन जात.

इकडे लिनताई आठवड्यातून दोनदा पूल ओलांडीत, आता छत्रीशिवाय. केसांहून थोड्याच जाड सुया. एक माथ्यावर, दोन मनगटांशी, बेंबीखाली एक, नडगीच्या आतल्या बाजूला, आणि घोट्यामागच्या खोलगट जागी, जिचे नाव थोरला ओढा. टोचल्याचा डंख मुंगीएवढा; मग आत काहीतरी जड होऊन पसरते, ओल्या मातीत पाय रुतावा तसे. तळपायांशी नागदवण्याच्या सुक्या पाल्याची वात जळत ठेवलेली, तिची ऊब. पहिल्याच दिवशी लिनताई तिथे भर दुपारी अर्धा तास घोरल्या. जाग आल्यावर लाजून म्हणाल्या, "सुया बोथट आहेत तुमच्या, काही कळलंच नाही."

"तुझं घोरणं शेजारच्या खाणावळीत कळलं," आऊबाई म्हणाल्या.

औषधात काळेभोर चिकट मूळ होते, आणि शिवाय गहू, ज्येष्ठमध, सुकी लाल बोरे यांचा गोड काढा. कडवटपणाची सव्वीस वर्षांची तपस्विनी गोड वाडग्याकडे बघून म्हणाली, "हे लेकरांना देतात."

"मग लेकरू हो. सोपं नाही ते."

सारे सरळ चालले असे मी म्हणणार नाही. तिसऱ्या आठवड्यात वाफा उलट वाढल्या आणि लिनताई दोन दिवस गेल्याच नाहीत. पाचव्या महिन्यात, होड्यांच्या शर्यतीच्या सणाला, चिकट भाताचे मुटके खाऊन अंग जड झाले म्हणून त्यांनी जुन्या सवयीने चोरून अर्धा वाडगा चोविशी घेतली. दुसऱ्या दिवशी आऊबाईंनी जीभ पाहिली आणि सुयांची पेटी बंद केली.

"घेतलीस."

"अर्धाच."

"जीभ चहाडखोर असते, लिन. तूच शिकवलंस गावाला."

पण पंधरा वाफांच्या दहा झाल्या, दहांच्या चार-पाच. झोप सलग झाली नाही, पण लांब झाली. पावलांना ऊब आली. फानशी त्या पुन्हा पहिल्यासारख्या भांडू लागल्या, म्हणजे हसून. जीभ मात्र परत आली की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. कारण चोविशी बंद होती. ते कळणार होते एकोणिसावीलाच.

तो दिवस उजाडला. अंगणात धूप, कमळे, सोललेली लिची, आणि वडाच्या सावलीत चुलीवर तो हंडा. गल्ली जमली होती. चिउदादांनी सवयीने वाडग्याकडे हात नेला, आणि मागे घेतला.

काठी टेकीत आऊबाई आल्या. "जेवून आलीस?"

"आलेय."

"जीभ."

"इथं? सगळ्यांपुढं?"

"तू यांना कुठं काढायला लावतेस?"

साऱ्या गल्लीसमोर लिनताईंनी जीभ काढली, आणि हशा झाला. आऊबाई वाकल्या, उजेडाकडे तोंड वळवून पाहिले. "भेगा आहेत अजून. पण साय धरलीये पातळ. एक वाडगा. एकच."

लिनताईंनी वाडगा उचलला. एक घोट तोंडात घेतला, धरला, गिळला. कडू आले, जुन्या ओळखीच्या माणसासारखे, आणि त्यामागून घशात हळूच गोडवा उमटला. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"चिउ, किती मुठी पाला घातलास?"

"दोन सुरकुत्यांचा."

"अर्धी मूठ कमी आहे. एवढे दिवस तू गावाला पातळ पाजलंस."

चिउदादांनी वडाच्या पारंब्यांकडे पाहिले. फान म्हणाला, "आम्ही तक्रार केली का ताई?"

"देवीपुढं जायचंय हे." असे म्हणून त्यांनी पाला टाकला, झाकण लावले, जाळ सारखा केला. पुन्हा उकळायला बराच वेळ. शंभर माणसे उन्हात थांबली, आणि कुणी कुरकुर केली नाही. कारण सगळ्यांना कळले होते की काय परत आले आहे.

तेवढ्यात ती लाट उठली. छातीतून, गळ्यातून, कानांपर्यंत. लिनताईंनी चुलीचा आधार घेतला आणि वर पाहिले. समोर माउली उभी होती, जशी सव्वीस वर्षे उभी होती, एका हाती डहाळी, दुसऱ्या हाती सुरई. आणि लिनताई एकट्याच हसू लागल्या.

"काय गं?" चिउने विचारले.

"बघ की. एवढी वर्षं हातात पाणी घेऊन उभी आहे, आणि मी दर उन्हाळ्यात म्हणायचे, बाईला एक पंखा द्यायला हवा."

लाट आली तशी ओसरली. काढा उकळला. त्यांनी नवा वाडगा भरला.

"एकच म्हटलं होतं," आऊबाई म्हणाल्या.

"हा पहिलाच. मघाशी होती ती तेविशी."

अंगण हसले, आऊबाईंची काठी हसली, आणि त्या हशात लिनताईंनी पहिला वाडगा अखेरच्या थेंबापर्यंत प्याला, दुसरा माउलीपुढे ठेवला, आणि झाकण काढले.

आता ओट्यावर चौथा हंडा आहे, लहानसा: गहू, बोरे, ज्येष्ठमध. पन्नाशीची बाई लाल जीभ घेऊन आली की लिनताई तिला उजेडात नेतात, साय बघतात, आणि चोविशीच्या हंड्यावर हात ठेवून सांगतात, "हा तुझा नाही, बाई. हा गोड घे, आणि दोन पूल ओलांड. आणि हो, आऊबाई आधी इस्पितळात पाठवतील, तर जा." आऊबाई तक्रार करतात की लिनच्या हंड्यामुळे दवाखाना अजूनही भरलेलाच. गरम वाफा अजून येतात, दिवसाकाठी एखाद-दुसरी, आल्या की लिनताई हातातली पळी ठेवतात आणि म्हणतात, "पाणी येतंय, थांबा जरा."

माउली, तुझ्या सुरईतले पाणी त्या घरावर सदा शिंपीत राहा. त्यांचा एकही हंडा तळाला लागू नये, चूल विझू नये, उतूही जाऊ नये. आऊबाईंच्या बोटांना शंभरी लाभो. लिनताईंच्या जिभेवर साय राहो आणि शब्दांत धार राहो. आणि चिउदादा, जे अजूनही रोज सकाळी तिच्या शेजारी उभे राहून अर्धा वाडगा पितात, सांगितलेले नसताना, त्यांच्या नाकावर आयुष्यभर दोनच सुरकुत्या पडोत.